त्वचेचा अतिकोरडेपणा

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील पाणी कमी होऊन ती खरखरीत, खवलेदार किंवा भेगाळ होते, त्या अवस्थेला वैद्यकात झेरोसिस म्हणतात. थंडीत अंग फुटते, टाचा उलतात, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. काही वेळा मात्र हा कोरडेपणा आतल्या आजाराची खूण असतो.

हा बाहेरचा थर, म्हणजे शृंगस्तर, मृत पेशींच्या साधारण १५-२० पदरांचा असतो. विटांच्या भिंतीत चुना भरावा तशी पेशींमधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. पेशींच्या आत फिलाग्रिन या प्रथिनापासून तयार झालेली, पाणी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. हा थर मऊ राहतो तो पाण्यामुळे. सुकलेल्या घट्ट्याचा तुकडा नुसत्या तेलाने मऊ होत नाही, हे त्वचेचे संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये दाखवले. तेलाचे काम आहे ते पाणी उडू न देण्याचे. कढत पाण्याची आंघोळ आणि अल्कधर्मी साबण भिंतीतला हा चुनाच धुऊन नेतात.

कोरडेपणा आधी नडगीवर दिसतो, कारण तिथे तैलग्रंथी कमी असतात. उतारवयात तो अधिकच जाणवतो. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. राखट छटा आणि नखाने ओढताच उमटणारी पांढरी रेघ या खुणा तिथे जास्त भरवशाच्या.

लहानपणापासून नडगीवर माशासारखे खवले, तळहातावर ठळक रेषा, पण कोपराची आतली घडी स्वच्छ, असे असेल तर तो बहुधा इक्थिओसिस व्हल्गॅरिस हा आनुवंशिक विकार असतो. त्यामागे फिलाग्रिनच्या जनुकातील दोष असतो, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. असे खवले मोठेपणी प्रथमच आले तर लसीका ग्रंथींच्या कर्करोगासह इतर आजारांचा शोध घ्यावा लागतो. कोरडेपणासोबत थंडी सोसत नसेल, बद्धकोष्ठ असेल, वजन वाढत असेल तर थायरॉइड तपासावे. अंगभर खाज असेल तर मूत्रपिंडेही. मधुमेहात नसा बिघडून पायांचा घाम थांबतो आणि भेगांतून जखमा होतात.

एकच फिकट किंवा लालसर चट्टा कोरडा असेल, तिथे घाम येत नसेल आणि स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अशा चट्ट्यावर महिनोन्‌महिने मलम चोळत बसणे घातक आहे, कारण तेवढ्या काळात नस कायमची निकामी होऊ शकते. सरकारी आरोग्य केंद्रांत या रोगाचे औषध मोफत मिळते.

साध्या कोरडेपणावर कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ करावी, साबण काखा-जांघांपुरताच वापरावा. आंघोळीआधी तेल चोळून ते साबणाने काढून टाकण्यापेक्षा अंग टिपल्यावर, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावलेली बरी. जाड खवल्यांवर युरियायुक्त मलम चांगले, पण उघड्या भेगांवर ते झोंबते. म्हणून आधी काही दिवस जेली लावून भेगा भरू द्याव्यात.