गवती चहा की सिट्रोनेला? कुंडीतल्या दोन गवतांची गल्लत

शेजारच्या काकूंनी परवा नर्सरीतून आणलेली कुंडी दाखवली. "डास पळवणारं झाड म्हणून दिलंय गं. पण दिसतं तर गवती चहासारखं! दोन पाती चहात टाकल्या तर चालतील ना?" मी म्हटलं, थांबा जरा, आधी बघू. आणि दोघी वाकून त्याचा बुंधा बघत बसलो.

खूण बुंध्यातच असते. गवती चहाचा बुंधा फिकट, पांढरट हिरवा. सिट्रोनेलाच्या, म्हणजे डास पळवणारं म्हणून विकतात त्या गवताच्या, बुंध्यावर लालसर-जांभळी झाक, आणि जमिनीत लावलं तर त्याचा ठोंब माणसाच्या उंचीचा होतो. तरी शंका राहिली तर पात चुरडून हुंगायची, पण जपून, दोन्हींच्या कडा बोट कापतात. गवती चहाला लिंबाच्या सालीचा ताजा वास येतो. सिट्रोनेलाचा वास लिंबासारखा सुरू होतो नि लगेच उग्र होतो, थेट साबणासारखा. काकूंच्या पातीला तोच वास होता. म्हणजे ती चहात नको.

दोन्ही गवतं सिम्बोपोगॉन प्रजातीतली, म्हणून दिसायला इतकी सारखी. आपल्या खानदेशातलं रोशा गवतही त्यांचंच भावंड. फरक तेलात आहे. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल असतं. सिट्रोनेलात सिट्रोनेलल, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल. डास आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणि घामाच्या वासावरून आपला माग काढतो, आणि हे उग्र वास त्या मागात घोळ घालतात. डास मरत नाही, फक्त चुकतो. गवती चहाचं तेलही थोडंफार हे काम करतं, पण डासांसाठी जुनं नाव सिट्रोनेलाचंच.

आता खरी अडचण. तेल पातीच्या आत बंद असतं. खिडकीत नुसती उभी असलेली कुंडी खोलीतले डास हाकलत नाही, मग त्यावर नर्सरीत काहीही लिहिलेलं असो. पात चुरडली तरच वास सुटतो, आणि तोही लवकर उडून जातो. २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या चाचण्यांत सिट्रोनेलाची उत्पादनं सरासरी २० मिनिटंही टिकली नाहीत. सुमारे २४ टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध पाच तास टिकलं. संध्याकाळी अंगणात दहा-पंधरा मिनिटं बसायचं असेल तर खोबरेल तेलात मिसळलेले सिट्रोनेलाचे दोन-चार थेंब ठीक. शुद्ध तेल थेट अंगाला लावू नका, आग होते, पुरळ उठतं. तान्ह्या बाळाला तर मुळीच नको. आजूबाजूला डेंग्यूची साथ असेल तर मात्र माझा भरवसा मच्छरदाणीवर आणि चांगल्या क्रीमवर. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, दिवसभर दर वीस मिनिटांनी तेल कोण चोळत बसणार?

निघताना माझं लक्ष काकूंच्या कुंडीखालच्या ताटलीकडे गेलं. बोटभर पाणी साचलेलं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. एडिसला, म्हणजे डेंग्यूच्या डासाला, अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. ताटली मी तिथेच उन्हातल्या कोरड्या मातीवर उपडी केली आणि काकूंनी काथ्याने तिच्या कडा घासून काढल्या, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात.