पाण्याखाली जाणारी तोफ : १:३५ पाणबुडी-तोफेच्या सुधारणा संचाचं माहितीपत्रक

नमस्कार.

तुमच्या हातातल्या पाकिटात लेथवर कातलेली एक पितळी नळी, फोटोएचचा (रसायनाने बारीक भाग कोरलेला) एक पितळी पत्रा, दोन जाडीच्या तांब्याच्या तारा आणि रेझिनचे थोडे भाग आहेत. जर्मन टाइप ७ पाणबुडीवरच्या ८.८ सेंटीमीटर एसके सी/३५ तोफेचं १:३५ मापाचं प्लास्टिक किट तुमच्याकडे आधीपासून आहे, असं धरून हा संच केला आहे. नुसत्या पाकिटातून तोफ उभी राहणार नाही. किट चांगलं असतंच. प्लास्टिकच्या साच्याला जे जमत नाही, तेवढंच आम्ही दिलं आहे.

पत्रा कापायला घेण्याआधी हे माहितीपत्रक एकदा सबंध वाचा. आमच्याकडे शंका विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हात रणगाड्यांच्या आणि जमिनीवरच्या तोफांच्या मॉडेलवर बसलेला असतो. तिथल्या सवयी इथे आणल्या की काम सफाईदार होऊनही चुकीचं होतं. ही तोफ पाणबुडीबरोबर पाण्याखाली जायची, खाऱ्या पाण्यात तासन् तास राहायची आणि वर आल्यावर काही मिनिटांत तिला मारा करावा लागायचा. कोणताही भाग हातात घेतलात की आधी स्वतःला विचारा : पाण्याखाली याचं काय होत असेल? निम्म्या शंका तिथेच मिटतात.

ही प्रसिद्ध ‘८८’ नव्हे

विमानविरोधी ८.८ फ्लाक सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यात आणि या तोफेत साम्य आहे ते नळीच्या व्यासापुरतं. दोघींच्या काडतुसांची अदलाबदल होत नसे. म्हणून जुन्या किटमधून उरलेले फ्लाकचे गोळे या तोफेशेजारी ठेवू नका. फ्लाकचं काडतूस बरंच लांब असतं आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

एसके सी/३५ची नळी व्यासाच्या ४५ पट, म्हणजे जवळपास चार मीटर लांब होती. १:३५ मध्ये ती ११३ मिलिमीटरच्या आसपास येते. नळी ३० अंशांपर्यंतच वर उचलता येई, त्यामुळे आकाशाकडे रोखलेली तोफ दाखवू नका. टाइप ९च्या मोठ्या पाणबुड्यांवर १०.५ सेंटीमीटरची तोफ असे. तिची नळी याच मापात १३५ मिलिमीटरच्या घरात जाते, म्हणून त्या किटसाठी हा संच घेऊ नका. मागणी नोंदवताना किटच्या खोक्यावरचं नाव आम्हाला कळवलंत, तर ही चूक आम्हीच आधी थांबवू.

डेकवर तोफ कशासाठी, असं नवे ग्राहक विचारतात. टॉर्पेडो महाग आणि मोजके. टाइप ७सी पाणबुडीवर ते १४ असत, तर तोफेचे गोळे २२०च्या आसपास. एकट्या, निःशस्त्र व्यापारी जहाजासाठी तोफ पुरेशी होती. पहिल्या महायुद्धात यू-३५ या पाणबुडीने १९१६च्या उन्हाळ्यात एकाच सफरीत ५४ जहाजं बुडवली. कप्तान होता लोथार फॉन आर्नो द ला पेरिएर. त्या सफरीत टॉर्पेडो खर्च झाले ४ आणि गोळे सुमारे ९००.

दुसऱ्या महायुद्धात काळ फिरला. जहाजं ताफ्याने आणि संरक्षणात जाऊ लागली, वरून विमानं आणि रडार आलं. तोफ चालवण्याइतका वेळ पृष्ठभागावर थांबणं जिवावर बेतू लागलं. शिवाय पाण्याखाली तोफेचा अडथळा होऊन वेग घटे. त्यामुळे १९४३पर्यंत अटलांटिकमधल्या बहुतेक पाणबुड्यांवरून ती काढून टाकली गेली. तुम्ही डायोरामा (मॉडेलभोवतीचा छोटा देखावा) करणार असाल, तर साल ठरवताना हे लक्षात असू द्या. १९४०-४१चा अटलांटिक निर्धास्तपणे निवडा. त्याच समुद्रातल्या १९४४च्या पाणबुडीवर ही तोफ शोभणार नाही.

आधी ठरवा : डुबकी की मारा?

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आणि तो पहिल्या दिवशीच घ्यायला हवा.

डुबकीला तयार तोफ म्हणजे बंद तोफ. नळीच्या तोंडाला पाणी आत जाऊ न देणारं बूच, ब्रीच (नळीचं मागचं, गोळा भरायचं तोंड) बंद, नळी समोर रोखून जखडलेली. नेम धरायच्या दुर्बिणी जागेवर नाहीत. काचेच्या या नाजूक वस्तू काढून खाली पाणबुडीत ठेवत आणि माऱ्याच्या वेळी वर आणत. डेकवर तोफेजवळ मोजक्या गोळ्यांची जलरोधक पेटी असे, तिचं झाकणही घट्ट लावलेलं.

माऱ्याला तयार तोफ याच्या अगदी उलट. बूच काढलेलं, दुर्बिणी बसवलेल्या, पेटी उघडी. पेटीतले गोळे संपले की पुढचे पाणबुडीच्या पोटातून माणसांच्या साखळीने हातोहात कॉनिंग टॉवरमार्गे (डेकवरच्या मनोऱ्यातून) वर येत. तोफेची जबाबदारी दुसऱ्या क्रमांकाच्या वॉच ऑफिसरकडे (पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याकडे) असे. कसलेली टोळी मिनिटाला १५ ते १८ गोळे डागू शके. लाट डेकवरून जाई तेव्हा वाहून जाऊ नये म्हणून माणसं पट्ट्याने स्वतःला बांधून घेत. डायोरामात माणसं ठेवणार असाल, तर हा पट्टा विसरू नका. दृश्यातला समुद्र खरा वाटायला त्याची फार मदत होते.

दोन्ही अवस्थांची सरमिसळ आम्ही वारंवार बघतो : तोंडाला बूच, पण दुर्बीण बसवलेली, किंवा दुर्बीण नाही आणि शेजारी रिकाम्या काडतुसांचा खच. बंदरात दुरुस्ती चालू असताना काहीही शक्य असतं, पण मग शेजारी अवजारं, कापड, ग्रीसचा डबा असं काहीतरी दिसायला हवं.

या निर्णयाने कामही वाचतं. बूच लावणार असाल, तर पत्र्यावरचे दुर्बिणीचे भाग लागणार नाहीत, ते जपून ठेवा. रेझिनचं बूच सुट्टं दिलं आहे. ते न चिकटवता नुसतं खोचलंत, तर पुढे मन बदललं तरी अडचण नाही.

नळी

किटमधली नळी दोन अर्ध्या भागांची असेल, तर आमची पितळी नळी वापरा. एकसंध असेल आणि तोंड नीट खोलगट असेल, तर तीही वाईट नसते. तेव्हा आमची नळी वापरायलाच हवी असा आग्रह नाही.

किटची अर्धी-अर्धी नळीच वापरायची असेल, तर एक धोका ओळखून ठेवा. सांध्याची रेघ घालवताना आपण सांध्याच्या दोन्ही बाजू जास्त घासतो आणि नळी नकळत अंडाकृती होते. रंग लागेपर्यंत हे दिसत नाही, मग पुढून बघितलं की डोळ्याला खुपतं. यावर आमचा उपाय : सांध्यात भरलेली पुटी वाळली की पहिले हात लांबीच्या दिशेने मारा, मग वॉटर पेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळून आडवी फिरवा. अधूनमधून नळी काचेवर ठेवून बोटाने हलकेच लोळवा. गोल असेल तर ती एकसारखी सरकते. चपटी असेल तर अडखळते आणि ते अडखळणं बोटाला लगेच जाणवतं.

८८ मिलिमीटर भागिले ३५ म्हणजे अडीच मिलिमीटर. तोंडाचं भोक तेवढंच हवं. एकदम अडीचचं ड्रिल लावू नका. सुईच्या टोकाने मध्य दाबून घ्या आणि १, १.५, २ असं करत हाताने फिरवत वाढवा. पहिलं भोक जरा बाजूला गेलं, तर पुढच्या ड्रिलने ते सावरता येतं. शेवटचं गेलं तर सावरता येत नाही.

पितळेला प्लास्टिकचं सिमेंट चिकटत नाही. सुपरग्लू चालतो, पण या जागी आम्ही दोन भागांचा इपॉक्सी सुचवतो. तो सावकाश धरतो, त्यामुळे नळी सरळ करायला पाच मिनिटं मिळतात. कोन तपासायला मॉडेल डोळ्यांच्या पातळीला आणा आणि मागून, ब्रीचकडून, नळीवरून नजर टाका.

पहिल्या तुकडीतल्या आमच्या नळ्यांचा मागचा खुंट किंचित जाड झाला होता आणि काही ग्राहकांना किटचा पाळणा (नळी ज्यात बसते तो भाग) कानशीने मोठा करावा लागला. ते माप आता दुरुस्त केलं आहे. जुनी नळी असेल तर पाळण्याला हात लावू नका. खुंटच वॉटर पेपरमध्ये धरून फिरवा, थोड्या वेळात बसेल.

पत्रा

प्लास्टिकच्या भागाची जाडी अर्धा मिलिमीटर असली, तर खऱ्या तोफेवर ती साडेसतरा मिलिमीटर होते. पाच मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याच्या जागी चिलखत बसवल्यासारखं दिसतं. आमचा पत्रा ०.२ मिलिमीटरचा आहे, म्हणजे खऱ्या मापात सात. संचात पत्रा दिला आहे तो एवढ्यासाठीच. म्हणून ज्या भागाची कडा दिसते, तेवढेच बदला. आत झाकले जाणारे भाग किटचेच राहू द्या.

भाग कापताना खाली काच किंवा गुळगुळीत फरशी घ्या. मऊ मॅटवर पत्रा दबतो आणि कड वाकते. सरळ घडीसाठी पोलादी पट्टी आणि ब्लेड पुरतं. घडीची कोरलेली रेघ आतल्या बाजूला येते. गोलाई द्यायची असेल, तर तो भाग आधी तावून घ्या : चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवा, रंग पालटला की बाजूला काढून गार होऊ द्या. पितळ मऊ पडतं आणि ड्रिलच्या दांड्यावर हवं तसं वळतं. जोडाजवळचे बारीक भाग तावू नका, ते पुढे बोट लागलं तरी वाकतात.

कमरेचे टेकू आणि चाकं

हे काम आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडतं. तोफेच्या दोन्ही बाजूंना तोफचीच्या अंगाला आधार देणारे वळणदार कठडे असत, हलत्या डेकवर उभं राहून नेम धरता यावा म्हणून. किटमध्ये ते जाड आणि साच्याच्या शिवणीसकट येतात. आमची जाड तार घ्या, दोन तुकडे शेजारी शेजारी धरून एकाच दांड्याभोवती एकदमच वळवा. एकेक वळवलेत तर दोन्ही कठडे कधीच सारखे येत नाहीत. गादीसाठी इपॉक्सी पुटीची बारीक वळी करून तारेवर चेपा आणि ओली असतानाच टूथपिकने दोन-तीन सुरकुत्या पाडा. माणूस तिथे रेलत होता, हे त्या सुरकुत्यांमुळे कळतं.

हातचाकांच्या मुठी छाटून बारीक तार लावा. मूठ कुठल्या कोनात थांबली हे दोन्ही चाकांवर वेगवेगळं ठेवा.

रंग

जर्मन पाणबुड्यांच्या वरच्या भागावर बहुधा हेलग्राउ ५० ही फिकट करडी छटा असे आणि खाली गडद करडी. तोफेला कॉनिंग टॉवरचाच करडा द्या. आधी पितळ साबणाच्या पाण्याने धुऊन धातूवर धरणारा प्रायमर मारा, नाहीतर मास्किंग टेप काढताना रंगही निघून येईल.

इथे रणगाड्याची सवय सोडा. समुद्रात धूळ नाही, चिखल नाही. धुळीची पावडर या मॉडेलवर वापरूच नका. त्याऐवजी तीन गोष्टी : पाणी, मीठ, ग्रीस.

पाणी जिथून निथळतं तिथे गंज ओघळतो. बोल्टखाली, वेल्डच्या कडेला, पायाच्या तळाशी बारीक उभी रेघ काढा, वरून खाली, आणि ओल्या ब्रशने तिचं टोक विरवा. सफरीला निघून तीनच दिवस झाले असतील तर एकदोन रेघा पुरतात. सहा आठवड्यांनी परतणारी पाणबुडी असेल तर हात सैल सोडा. मिठाचा पांढुरका थर आडव्या पृष्ठभागांवर, वाळलेल्या डबक्याच्या कडेसारखा, अगदी पातळ. आणि ग्रीस सढळ हाताने, कारण खाऱ्या पाण्यापासून फिरते भाग वाचवायचे तर ते लागणारच. तपकिरी ऑइल रंगात थोडं चमकदार वार्निश मिसळा आणि नळी वर-खाली करणाऱ्या दातेरी कमानीच्या दातांच्या फटीत भरा. सगळं मॉडेल मॅट असताना एवढीच जागा ओली चमकली, की यंत्र चालू असल्यासारखं वाटतं. जिथे ग्रीस आहे तिथे गंज आणि मीठ दाखवू नका.

काडतुसांची टरफलं पितळेची; त्यांना गंजाचा तांबूस रंग देऊ नका. डेकच्या लाकडी फळ्या गडद, जवळजवळ काळ्या रंगवा. फिकट सागवानी डेक शोभिवंत नौकेला ठीक.

काळजी आणि सुटे भाग

रेझिन घासताना मास्क लावा आणि पाण्यात भिजवून घासा, त्याची भुकटी फुप्फुसाला वाईट. सुपरग्लू वापरताना खिडकी उघडी ठेवा. पत्र्याच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. लहान मुलांच्या हाती पाकीट देऊ नका.

पत्र्यावरचे सगळ्यात बारीक भाग आम्ही एकेक जादा दिले आहेत, कारण ते चिमट्यातून उडतात आणि सापडत नाहीत. तरीही काही कमी पडलं, वाकडं निघालं किंवा तुमच्या हातून मोडलं, तर पाकिटाच्या मागचा तुकडी क्रमांक आणि भागाचा क्रमांक कळवा. तो एक भाग आम्ही पाठवू, त्यासाठी सबंध संच पुन्हा घ्यायला लागणार नाही. मॉडेल पूर्ण झालं की ब्रीचच्या बाजूचा एक फोटो जरूर पाठवा. पुढच्या तुकडीत काय सुधारायचं, ते आम्हाला त्याच बाजूवरून कळतं.