पवनचक्क्या, ढग आणि टेरेसवरचं ऊन

२००२-०३ च्या दुष्काळात सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या गावांत पारावर एक गोष्ट अगदी खात्रीनं सांगितली जायची : पवनचक्क्यांनी ढग हाकललं. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पाती फिरायला लागून फार वर्षं झाली नव्हती आणि इकडे माण, खटाव, आटपाडी, जतकडे पाऊस फिरकत नव्हता. दोन्ही गोष्टी लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होत्या. त्यांचा संबंध जोडणाऱ्याला खुळ्यात काढायचं काही कारण नाही. बघायचं, आणि जे दिसतं त्याचं कारण शोधायचं, इथूनच विज्ञान सुरू होतं. गाडी अडली ती पुढच्या पायरीवर : हे कारण खरं असेल, तर आणखी काय काय दिसायला हवं?

पवनचक्क्या येण्याआधी या भागात पाऊस भरपूर असायला हवा होता. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत, त्यांना विचारावं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्री चढताना ढग रिते होतात, पलीकडे उतरणारी हवा तापत आणि कोरडी होत जाते. हा पर्जन्यछायेचा पट्टा माणसाच्याही आधीचा आहे. शिवाय २००२ साली देशभरातच मान्सून सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला होता, पवनचक्की औषधालाही नव्हती तिथंसुद्धा. आणि उरलासुरला निकाल कृष्णेनं लावला. पवनचक्क्या जागच्या जागी असताना २००५, २०१९ आणि २०२१ ला महापूर आले. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि तिथली धोका पातळी आहे ४५ फूट.

(पवनचक्की हवेला अजिबात हात लावत नाही, असंही नाही. पात्यांमुळे हवा घुसळली जाते आणि रात्री जमिनीलगतचं तापमान किंचित वाढतं, हे मोजलेलं आहे. पण त्यानं जतचा पाऊस जात नाही.)

आता हाच संशय उलट्या दिशेनं ऐकू येतो. ‘हवामान बदल वगैरे काही नाही, सोलर खपवायला उठवलेली हूल आहे. निसर्गाचं चक्र आहे, आजोबांच्या काळातही पूर यायचे.’ पूर यायचे, हे खरंच आहे. म्हणून पवनचक्क्यांना लावलेली कसोटीच इथं लावू.

समजा, हे निसर्गाचं चक्रच आहे, पृथ्वी सूर्यामुळे तापतेय. तर सूर्याकडून येणारी ऊर्जा वाढलेली दिसायला हवी. १९७८ पासून उपग्रह ती सलग मोजताहेत आणि तिच्यात तशी वाढ नाही. दुसरं म्हणजे सूर्य कारण असेल तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला हवं. प्रत्यक्षात खालचा थर तापलाय आणि त्याच्या वरचा, स्थितांबराचा थर थंड झालाय. कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच होतं : जमिनीकडून वर जाणारी उष्णता खालीच अडते आणि वरचा थर अवकाशात जास्त उष्णता टाकून निवत जातो. हा वायू उष्णता शोषतो हे जॉन टिंडलनं १८५९ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं होतं. त्या वेळी ना सोलरची दुकानं होती, ना कुणाचं अनुदान.

वायू माणसानंच सोडला कशावरून? कारखानदारीच्या आधी हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत २८० होतं. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ इथं चार्ल्स कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या पुढे. वाढलेल्या कार्बनवर त्याच्या मूळ गावाचा शिक्काही आहे. जिवंत झाडांत थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या कोळशात तो पार संपलेला असतो. अणुचाचण्यांनी ते वाढवण्याआधीच हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत गेलं होतं, ते याच जुन्या कार्बनच्या भरीमुळे.

मात्र म्हणून २०१९ चा पूर सगळाच्या सगळा हवामान बदलाच्या नावावर टाकणंही मला पटत नाही. पूररेषेतली बांधकामं, धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळा, पात्रातले अडथळे, यांचा हिशेब वेगळा आणि तो मागितलाच पाहिजे. ‘हवामान बदलामुळे झालं’ म्हणून हात झटकणाऱ्यांबद्दल संशय असणं रास्तच. तापमानाचा वाटा इतका : हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या.

एवढं सगळं पटलं तरी टेरेसवर सोलर पॅनेल चढतंच असं नाही, आणि न पटलेल्यांनीही ते कधीच बसवलेलं असतं. सांगलीत सोलर बंब कित्येक वर्षांपासून छतांवर आहेत. बंब बसवताना कुणी ध्रुवावरच्या बर्फाची चौकशी केली नव्हती, गॅस आणि गिझर वाचतो एवढं पुरलं.

पण बंबामुळेच एक गैरसमजही रुजलाय, की जेवढं कडक ऊन तेवढी जास्त वीज. बंबाला उष्णता लागते, पॅनेलला उजेड. उष्णता त्याला बाधते. पॅनेलची छापील क्षमता सेलचं, म्हणजे त्यातल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, तापमान २५ अंश धरून दिलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. एप्रिलच्या दुपारी सेल सहज ६५ अंशांना पोचतात, म्हणजे १२ ते १६ टक्के गेलीच. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नयेत, खालून वारं खेळायला हवं.

सर्वांत मोठा भ्रमनिरास लाईट गेल्यावर होतो. ‘वर एवढी पॅनेलं आणि घरात अंधार?’ हो, अंधार. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, महावितरणच्या लाईनला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाईन गेली की मुद्दामच बंद होतो. तो चालू राहिला तर तुमच्या टेरेसवरची वीज लाईनमध्ये शिरेल आणि खांबावर चढलेला लायनमन जिवानिशी जाईल. हे विकताना सांगत नाहीत, मग लोक सोलरलाच नावं ठेवतात. अंधारातही वीज हवी तर बॅटरीची व्यवस्था लागते, तिचा खर्च वेगळा.

‘बिल शून्य’ हीसुद्धा तशीच थाप. नेट मीटरिंगमध्ये दिलेली-घेतलेली युनिटं वजा होतात, पण स्थिर आकार राहतोच. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिटं धरावीत. जुलैत बरीच कमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. वापर वाढतो तसा युनिटचा दर चढत जातो, त्यामुळे पहिली बचत वरच्या, महाग टप्प्यात होते. महिन्याला शंभर युनिटांच्या आत भागणाऱ्या घरानं घाई करू नये, असं माझं मत. गारपिटीची धास्ती द्राक्षवाल्या तासगावात जास्त, आणि ती अनाठायी नाही. चाचणीत पॅनेलवर २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्या सेकंदाला २३ मीटर वेगानं मारतात. त्याहून मोठी गार पडली तर काच फुटू शकते.

खरी फसगत सावलीत आहे. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी पॅनेलच्या तिसऱ्या हिश्श्याची वीज बंद पडते. सोलरवाल्यांचा माणूस मे महिन्यात पाहणीला येतो. तेव्हा सांगलीत दुपारी सूर्य डोक्यावर, पाण्याच्या टाकीची सावली टाकीखालीच. डिसेंबरात मात्र भर दुपारी सूर्य जेमतेम ५० अंशांवर चढतो. सहा फुटी टाकीची सावली उत्तरेला पाच फूट पडते आणि सकाळी साडेनऊला दहा फूट. तेव्हा टाकी पॅनेलच्या उत्तरेला हवी. दक्षिणेला असेल तर प्लंबरला आधी बोलवा, पॅनेलचा सांगाडा उभारणाऱ्याला नंतर.