ग्रहांच्या गोष्टीतला गाळलेला टप्पा

‘गुरुत्वाकर्षणामुळे धूळ एकत्र आली आणि ग्रह तयार झाले’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ताऱ्यांपुरतं ते खरं आहे. वायूचा अतिथंड ढग स्वतःच्याच वजनाने कोसळतो, मधला भाग तापून तारा होतो आणि उरलेला वायू व धूळ भोवती तबकडीसारखी फिरत राहते. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने २०१४ साली एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याची अशी तबकडी टिपली. तिच्यातली गडद कडी लख्ख दिसतात.

धुळीची गोष्ट वेगळी आहे. कणाचं गुरुत्व इतकं क्षीण, की त्याने काहीच गोळा होत नाही. कण चिकटतात ते पृष्ठभागावरच्या विद्युत बलांमुळे. पण खडे मिलिमीटर-सेंटिमीटरचे झाले, की आपटून उसळतात किंवा फुटतात.

खरी मेख पुढे आहे. तबकडीतला वायू ताऱ्याजवळ दाट आणि गरम, बाहेर विरळ. म्हणून दाब त्याला बाहेर रेटतो. ताऱ्याची थोडी ओढ तिथेच फिटते आणि वायूला कक्षेत राहायला जरा कमी वेग पुरतो. खड्याला हा आधार नाही, त्याला पूर्ण वेगानेच फिरावं लागतं. त्यामुळे त्याला सतत समोरून वारा लागतो, वेग घटतो आणि तो आत घसरतो. पृथ्वीइतक्या अंतरावरचा मीटरभर धोंडा शंभरेक वर्षांत ताऱ्यात जातो! मग ग्रह व्हायला वेळच कुठे उरतो?

२००५ मध्ये अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी एक सुंदर वाट दाखवली. खडे जसे वायूमुळे मंदावतात, तसे तेही वायूला पुढे ओढतात. जिथे खडे थोडे जास्त, तिथला वायू त्यांच्या वेगाजवळ येतो, समोरचा वारा पडतो आणि घसरण मंदावते. मागून घसरत येणारे खडे तिथेच अडकतात, दाटी वाढते, वारा आणखी पडतो. एकटा सायकलस्वार वाऱ्यापुढे थकतो, घोळक्यातला तग धरतो, तसंच हे. दाटी पुरेशी झाली की मग गुरुत्वाची पाळी येते: अख्खा थवा कोसळतो आणि दहापासून शेकडो किलोमीटरपर्यंतचे गोळे एकदम तयार होतात. मंगळाचं बीजही बहुधा असंच पडलं. त्या खडकाचा धाक घालून आजही मुलींची लग्नं अडवली जातात, हे संतापजनक आहे.

थवा कोसळून गोळे होतात या कल्पनेला मोठा आधार मिळाला तो नेपच्यूनपलीकडच्या ॲरोकॉथ या छोट्या पिंडाकडून. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं. सुमारे ३६ किलोमीटर लांबीचा हा पिंड दोन गोळ्यांचा आहे आणि सांध्यापाशी चिरडल्याच्या खुणा नाहीत. जोरात आदळले असते तर दोन्ही फुटले असते. एकाच थव्यात जन्मून, माणसाच्या चालीने एकमेकांना टेकले असतील, तरच असा सांधा उरतो.