इराण-इराक युद्ध: भांडण नदीतल्या एका रेघेचं

इराण-इराक युद्ध म्हटलं की शिया विरुद्ध सुन्नी एवढं बोलून लोक मोकळे होतात. पण इराकमध्येही शियाच जास्त, इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनच्या फौजेतले साधे सैनिक बहुतेक शियाच आणि तेच आठ वर्षं इराणशी लढले, मग हे उत्तर कसं पुरणार? त्यापेक्षा नकाशात इराकचं बंदर बसरा शोधा.

तैग्रिस आणि युफ्रेटिस अल-कुर्नापाशी एकत्र येतात, तिथून समुद्रापर्यंत साधारण २०० किमी वाहते ती शत्त अल-अरब, आणि तिचा खालचा भाग म्हणजे दोन देशांची बॉर्डर. इराणला लांबच लांब किनारा आहे, इराकला धड ६० किमीसुद्धा नाही, त्यामुळे बसऱ्याहून जहाज समुद्रात न्यायचं तर हीच वाट. १९३७ च्या करारात बॉर्डर बहुतेक ठिकाणी इराणच्या काठालाच टेकवलेली, म्हणजे जवळपास सगळं पाणी इराकचं. १९६९ मध्ये इराणचा राजा शाह याने तो करार धुडकावला, वर इराकमधल्या बंडखोर कुर्दांना मदत सुरू ठेवली.

शेवटी १९७५ मध्ये अल्जीयर्सला सौदा झाला, इराणने कुर्दांचा हात सोडायचा आणि बदल्यात बॉर्डर थालवेगवर न्यायची. थालवेग म्हणजे पात्रातल्या सगळ्यात खोल जागा जोडणारी रेघ, ती मधोमधच असेल असं नाही, कारण वळणावर पाणी बाहेरचा काठ खरवडतं आणि आतल्या बाजूला गाळ साचतो. मोठी जहाजं खोल पाण्यातूनच जातात म्हणून हिशोब तसा बरोबर, फक्त खोर्रमशहरपाशी कारून नदी एवढा गाळ आणून टाकते की रेघ एका जागी राहतच नाही.

या करारावर सही खुद्द सद्दामची, आणि ती त्याला कायम सलत होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, इराकने आदल्याच वर्षी नजफ या आपल्या शहरातून हाकललेले इराणी शिया धर्मगुरू खोमेनी सत्तेवर आले आणि इराकी जनतेला सद्दामविरुद्ध उठायला सांगू लागले. सद्दाम घाबरला होता हे खरंच, पण त्याला चान्सही दिसला, कारण शाहचे सेनाधिकारी तुरुंगात नाहीतर देशाबाहेर, अमेरिकन स्पेअर पार्ट बंद, आणि शेजारी तेलाने भरलेला, अरब वस्तीचा इराणचा खुझेस्तान प्रांत. मला तर भीतीपेक्षा ही हावच मोठी वाटते. १७ सप्टेंबर १९८० ला त्याने करार रद्द केला, २२ ला हल्ला.

लाखो माणसं मेली, १९८८ मध्ये युद्ध थांबलं, आणि १९९० मध्ये कुवेत गिळल्यावर इराणने गप्प बसावं म्हणून याच सद्दामने १९७५ ची रेघ परत मान्य केली.