उतारवयातलं प्रेम ज्यू धर्माला चालत नाही?

वृद्धाश्रमात गेलं की प्रेमाचं वय संपलं, आणि संस्था ज्यू असेल तर धर्मच आडवा येणार, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो खरा नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, हडसन नदीकाठी ‘हिब्रू होम ॲट रिव्हरडेल’ ही जुनी ज्यू संस्था आहे. रहिवाशांच्या लैंगिक हक्कांबद्दल तिने १९९५ मध्येच लेखी धोरण केलं. दोघांची संमती असेल तर कर्मचाऱ्यांनी मध्ये पडायचं नाही, उलट एकांत जपायचा. स्मृतिभ्रंश झालाय म्हणजे संमती देताच येत नाही, असंही तिथे गृहीत धरत नाहीत. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. घरच्यांचा विरोध बहुतेकदा याच मुद्द्यावर असतो.

धर्माचं म्हणाल तर, ज्यू परंपरेत शरीरसुख हा पत्नीचा हक्क आहे आणि तो मूल होण्यावर अवलंबून नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात नवऱ्याच्या धंद्यानुसार वेळापत्रकच दिलंय: मजुराने आठवड्यातून दोनदा, उंटवाल्याने ३० दिवसांतून एकदा, खलाशाने ६ महिन्यांतून एकदा. पाळी गेली म्हणून हा हक्क जात नाही. विधवा-विधुरांच्या पुनर्विवाहालाही वयाची मर्यादा नाही. लग्नाबाहेरचे संबंध सनातनी रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) मान्य नाहीत हे खरं, पण तो नियम पंचविशीतल्यांनाही तितकाच लागू आहे.