रंग उडालेली बंदूक जुनीच असते का?

‘कडा झिजलेल्या, रंग उडालेला, म्हणजे बंदूक जुनी आणि भरपूर वापरलेली,’ हा समज बराच फिरतो. तो चुकीचा असला तरी अगदी स्वाभाविक आहे; भांड्यांपासून कुलपांपर्यंत आपण वय असंच ओळखतो.

पण कोऱ्या बंदुकीलाही हे रूप मुद्दाम दिलं जातं. एका रंगाचा सिरॅमिक लेप देतात, वर दुसरा चढवतात आणि कडांवरून तो घासून काढतात. पोलादावरचं ब्लूइंग, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा काळपट थर, घासून किंवा आम्ल लावूनही उतरवता येतं. हेतू बहुधा निव्वळ हौसेचा. फसवणूक होते ती अशी वस्तू ‘पुरातन’ म्हणून विकली की.

मग ओळखायचं कसं? खरी झीज कारणाशिवाय होत नाही. हात जिथे पडतो तिथे, म्यानात घासणाऱ्या नळीच्या तोंडाशी, आणि मुख्य म्हणजे आत, जिथे भाग एकमेकांवर सरकतात. रिव्हॉल्व्हरच्या चक्राभोवती, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाभोवती, त्याला अडवणाऱ्या खटक्याची अनेकदा बारीक रेघ उमटते. बाहेरून झिजलेली आणि आतून कोरी दिसली, तर शंका घ्यावी. सगळ्या कडा सारख्याच घासलेल्या असतील, तरीही. (आत डोकावण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडूनच करून घ्यावी.)

मात्र एक अडचण उरते: जुन्या बंदुकीला नवा लेप दिलेला असू शकतो. म्हणून वय ठरवताना रंगापेक्षा अनुक्रमांक आणि चाचणीचे ठसे (बंदूक दाब सोसते का हे तपासून तिच्यावर उमटवलेल्या खुणा) जास्त भरवशाचे.